दमट हवेतली योगा मॅट : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

५ जून २०२४

काम हाती आले तेव्हा मागणी एका ओळीची होती : रत्नागिरीतल्या एका योगवर्गासाठी अशी मॅट हवी, जी पावसाळ्यातही कोरडी राहील आणि हातपाय सरकू देणार नाही. वर्ग समुद्रापासून फार लांब नाही, खोलीत गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी आहे आणि सकाळ-संध्याकाळ अशा दोन तुकड्या त्याच मॅट वापरतात. यातली शेवटची बाब सर्वांत जाचक ठरणार, कारण जुलैत तिथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि अशा हवेत बारा तासांच्या आत एखादी जाड वस्तू आपोआप सुकेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

सध्या वर्गात पीव्हीसीच्या आणि काही टीपीईच्या (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकच्या) मॅट आहेत. दोन्हींचा फेस बंद छिद्रांचा आहे. आतल्या हवेच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसल्याने पाणी आत शिरत नाही. पुसून घ्यायला हे सोयीचे असले, तरी घाम आत जात नाही म्हणून तो वरच साचतो आणि तळहात व मॅट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो. या मॅटचा उगम पाहिला तर यात नवल नाही. युरोपात योग शिकवणाऱ्यांनी गालिच्याखाली घालायचे अस्तर कापून वापरायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे ही चिकट मॅट बाजारात आली. गालिचा जमिनीवरून हलू नये एवढेच त्या अस्तराचे काम होते. त्यावर कोणी घाम गाळेल हा विचार ते बनवणाऱ्याने करण्याचे कारणच नव्हते. आपल्याकडे सतरंजीवर आसने करणाऱ्यांना सरकण्याचा त्रास कमी झाला असेल तर त्याचे श्रेय सतरंजीइतकेच खालच्या सारवलेल्या किंवा खडबडीत फरशीच्या जमिनीला द्यावे लागेल. चकचकीत लादी घरोघर आली आणि सतरंजी घसरू लागली.

१४ जून २०२४

चाचणीची मांडणी तयार झाली. एका फळीला बिजागरी लावून तिच्यावर नमुन्याचा तुकडा ताणून बसवायचा, त्यावर मऊ कृत्रिम चामडे चिकटवलेले दोन किलोचे वजन ठेवायचे आणि फळी हळूहळू उचलत वजन ज्या कोनाला सरकू लागेल तो कोन नोंदवायचा. त्या कोनाचा टॅन्जन्ट म्हणजे स्थितिक घर्षणांक. ३० अंशांना तो ०.५८ येतो, ३५ ला ०.७०, ४५ ला बरोबर १. रबरासारख्या मऊ पदार्थावर घर्षण वजनाच्या अगदी प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे हे आकडे पाठ्यपुस्तकातल्या अर्थाने काटेकोर नाहीत, पण नमुन्यांची आपसांत तुलना करायला पुरेसे आहेत. ओल्या अवस्थेत किमान ३९ अंश, म्हणजे ०.८ च्या जरा वर, हा उंबरठा ठरवला.

हा आकडा अधोमुख श्वानासनावरून घेतला. त्या आसनात हात पुढे ढकलले जातात आणि पाय मागे, आणि हा आडवा जोर मॅटच्या घर्षणानेच पेलावा लागतो. सरावलेला माणूस कंबर, पोट आणि खांदे वापरून हा जोर बराच कमी करतो. नवशिका मात्र सगळा भार हातांच्या दिशेने सोडून देतो. म्हणजे मॅटची खरी परीक्षा नवशिक्याच्या हाताखाली होते, आणि जाहिरातीत मात्र तिच्यावर नेहमी निष्णात माणूस उभा असतो.

आणखी एक बाब सुरुवातीलाच नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. त्वचेचे घर्षण ओलाव्याबरोबर एकाच दिशेने बदलत नाही. अगदी कोरडा तळहात कमी पकडतो, किंचित दमट तळहात सर्वांत चांगला पकडतो, कारण ओलाव्याने त्वचेचा वरचा थर मऊ होऊन पृष्ठभागाला अधिक भिडतो, आणि पाण्याचा सलग थर आला की पकड पुन्हा कोसळते. त्यामुळे ‘कोरडी मॅट’ ही मागणी जशीच्या तशी पुरी करणे हिताचे नाही. थर टिकू द्यायचा नाही, ओलावा मात्र सगळा काढून घ्यायचा नाही, असे या कामाचे उद्दिष्ट मी लिहून ठेवले आहे.

२२ जून २०२४

योगदिनाची गर्दी ओसरल्यावर आज संध्याकाळच्या तुकडीत एका कोपऱ्यात बसून नुसते पाहिले. घसरण्याची सुरुवात बोटांकडून होत नाही. मनगटाजवळची तळहाताची उशी आधी सुटते आणि मग बोटे ओढली जातात. पीव्हीसीच्या मॅटवर हात उचलल्यावर मागे राहणारा ठसा सलग चमकणारा होता आणि उशीच्या जागी पुढच्या दिशेने फाटल्यासारखा लांबलेला. पुष्कळ जणी प्रत्येक फेरीआधी हात कुर्त्याला पुसत होत्या. कापडच घाम टिपते आहे, फक्त ते चुकीच्या जागी आहे.

वर्ग संपल्यावर एक मॅट उलटली तर खालीही ओल. हा घाम नव्हे. पावसाळ्यात लादीला पाणी सुटते, म्हणजे दमट उबदार हवा गार लादीला लागून तिच्यावर बाष्प जमते, आणि गुळगुळीत तळाची मॅट त्या पाण्यावर अक्षरशः तरंगते. म्हणजे सरकण्याच्या जागा दोन आहेत, वरची आणि खालची, आणि दोन्हींकडे येणारे पाणी वेगळ्या वाटेने येते.

शिक्षिकाबाईंचे मत स्पष्ट होते : “अहो, मॅट बदलून काय होणार? आधी पंखे बसवायला सांगा ट्रस्टींना.” त्यांचे म्हणणे नोंदीत असावे, कारण ते निम्मे तरी खरे आहे. वारा नसेल तर कोणतेही कापड घाम नुसता साठवील.

४ जुलै २०२४

वरच्या थरासाठी कापडांचे नमुने तपासले. पद्धत साधी आहे आणि एएटीसीसी या अमेरिकी वस्त्ररसायन संस्थेच्या ७९ क्रमांकाच्या चाचणीत तीच सांगितली आहे : कापडावर जवळून पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि त्याच्या पृष्ठावरची चमक नाहीशी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पाण्याऐवजी मी लिटरला पाच ग्रॅम मीठ घातलेले पाणी वापरले. कापडाचा रंग घामाला टिकतो का हे पाहायच्या प्रमाणित द्रावणात मिठाचे प्रमाण एवढेच असते.

मागावरून थेट आलेल्या सुती कापडावर थेंब मोत्यासारखा बसून राहिला. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला लावलेली खळ आणि कापसाच्या तंतूवरचे नैसर्गिक मेण या दोहोंमुळे कच्चे कापड पाणी घेत नाही. खळ काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळल्यावर तेच कापड थेंब क्षणात गिळते. शेल्फवरचे ‘शुद्ध सुती’ कापड आणले आणि काम झाले, असे समजणाऱ्यांनी हा थेंब एकदा पाहावा.

सोलापूरचे टर्किश टॉवेलचे कापड हाताशी असल्याने तेही लावून पाहिले. ते पाणी उत्तम टिपते, पण त्याचे उभे फंदे जोर आला की आडवे पडतात आणि तळहात कापडाला पकडून ठेवत असतानाच कापडाचा वरचा भाग खालच्या भागावरून सरकतो. पॉलिस्टरच्या मायक्रोफायबरची अडचण वेगळी होती. त्याचे सूत पाणी आत मुरवून घेत नाही (प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर ०.४ टक्के), ते बारीक तंतूंमधल्या फटींतून पाणी पसरवते, म्हणून ते लवकर सुकते, पण कोरडे असताना हाताखाली गुळगुळीत लागते. असे टॉवेल वापरणारे वर्गाआधी त्यावर पाणी शिंपडतात ते याचसाठी. आपल्याकडे पहिल्या दहा मिनिटांत, घाम यायच्या आधीच, पहिला सूर्यनमस्कार होतो. म्हणून सुती कापडच पक्के केले.

१२ जुलै २०२४

सोलापूर. फंदे नकोत, उंचवटे हवेत आणि ते दाबाखाली लोळता कामा नयेत, तर विणीतच धारी उभी करणे हा मार्ग उरतो. प्रश्न धारीच्या दिशेचा होता. आडवे सूत दाट ठोकून उभे झाकून टाकणाऱ्या सतरंजीच्या विणीत धारी लांबीच्या दिशेने जातात आणि हातही त्याच दिशेने सरकतो. म्हणजे धारी असून नसल्यासारख्या. धारी मॅटच्या रुंदीत हव्यात. त्यासाठी उलट करावे लागते : उभे सूत दाट घ्यायचे आणि आडवे सूत जाड घालायचे, म्हणजे प्रत्येक जाड आडव्या धाग्यावर उभ्याचा दाट थर चढून एक आडवी धार तयार होते.

कारखान्यातल्या जॉबरनी, म्हणजे माग लावून देणाऱ्या कारागिरांनी, नमुन्याचा कागद पाहून सरळ विचारले, “साहेब, उभ्याला एवढी तार म्हटल्यावर बीम किती लवकर संपेल ते धरलंत का?” त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. ताण्याचे सूत दुप्पट लागले की बीम, म्हणजे ते सूत गुंडाळलेला रूळ, लवकर रिकामा होतो, सायझिंगचा, म्हणजे खळ लावण्याचा, खर्च वाढतो, फणी बारीक लागते आणि तार तुटून माग थांबण्याचे प्रमाणही वाढते. शिवाय एक जाड, एक बारीक असे आडवे धागे आलटून पालटून घालायचे तर एका धोट्याच्या साध्या यंत्रमागावर ते जमत नाही; धागा निवडणारा रेपिअर माग लागतो. त्यांनीच तडजोड सुचवली : बारीक धागा वगळा, आडव्यात एकाच जाडीचे बहुपदरी सूत ठेवा, धार थोडी कमी उठेल पण विणता येईल. ताण्याला २/२०, म्हणजे २० काउंटचे दोन पदर, आणि बाण्याला, म्हणजे आडव्याला, १० काउंटचे सहा पदर, अशी जोडी ठरली (काउंट जितका कमी तितके सूत जाड). धारींमधले अंतर साधारण अडीच मिलिमीटर येते. धार बोटाने दाबली तर खाली बसते, पण बाजूला लोळत नाही.

२५ जुलै २०२४

या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची नोंद कदाचित हीच ठरेल.

धारीच्या कापडाचे दोन तुकडे आठवडाभर रत्नागिरीतच खोलीत टांगून ठेवले होते. एक साध्या पाण्याने भिजवलेला, दुसरा मिठाच्या पाण्याने, तोही रोज नव्याने भिजवून. साध्या पाण्याचा तुकडा रात्रभर पंख्याखाली सुकला आणि हाताला जेमतेम दमट लागत राहिला. मिठाचा तुकडा पहिल्या दिवशी तसाच वागला. पुढे मात्र तो दरदिवशी अधिक ओला राहू लागला आणि शेवटी पंखा चालू असतानाही सुकेनासा झाला.

कारण कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक आहे : पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतले बाष्प ओढून स्वतःच त्यात विरघळते. घामातले पाणी उडून गेले तरी मीठ कापडात मागे राहते, रोजच्या वापराने साठत जाते, आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत असे कापड वाळत नाही. तत्त्वतःच वाळू शकत नाही. वारा कितीही द्या.

याचा अर्थ असा की घाम शोषणारी कोणतीही मॅट, मग ती खुल्या छिद्रांच्या पॉलियुरेथेनच्या पृष्ठाची असो की रबरावर कायमचे चिकटवलेल्या सुताची, कोकणच्या पावसाळ्यात काही दिवसांनी ओलीच राहणार, जोवर तिच्यातले मीठ धुऊन निघत नाही. आणि मीठ काढायचे तर मॅट पाण्यातून काढून पिळावी लागणार. चार मिलिमीटर रबर चिकटवलेले कापड कोणी पिळू शकत नाही. म्हणून एकसंध मॅटची कल्पना आज सोडून दिली. कापड सुटे, तळ सुटा. कापड रोज धुवायचे, तळ फक्त पुसायचा. मीठ साध्या पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे रोज साबणाचीही गरज नाही. प्रत्येक तळामागे दोन कापडे द्यायची, म्हणजे सकाळचे कापड वाळत असताना संध्याकाळी दुसरे वापरात राहील.

९ ऑगस्ट २०२४

तळ नैसर्गिक रबराचा. १८३ बाय ६१ सेंटिमीटर या प्रचलित मापात चार मिलिमीटर जाडीचे भरीव रबर घेतले तर ते पाच किलोच्या आसपास जाते, जे खांद्यावर टाकून वर्गाला येणाऱ्यांना परवडणारे नाही. म्हणून फुगवलेले, पण बंद छिद्रांचे रबर घेतले आणि वजन निम्म्यावर आणले. वरून हवा खेळावी म्हणून तळाला आरपार भोके पाडण्याची सूचना आली होती. ती नाकारली, कारण त्याच भोकांतून लादीची ओल वर येईल.

खालच्या बाजूला सपाट रबर ओल्या लादीवर ठेवले तर पाण्याला बाहेर पडायला वाट नसते आणि रबर पाण्याच्या थरावर उभे राहते. टायरला खाचा असतात त्या याचसाठी. तळाला एकमेकींना छेदणाऱ्या, कडेपर्यंत उघड्या खाचा दिल्या, म्हणजे दाब पडताच पाणी खाचांत जाते आणि मधले ठोकळे लादीला टेकतात. कडा बंद ठेवून मध्येच खाचा दिलेला नमुना ओल्या लादीवर सपाट रबराइतकाच वाईट निघाला. खाच असून भागत नाही, तिला तोंड हवे.

दोन थर सुटे केल्याचा एक अनपेक्षित लाभ असा की वाळवण्याचे नियमही वेगळे करता आले. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी नैसर्गिक रबराला बारीक तडे जातात, म्हणून तळ कधीही उन्हात टाकायचा नाही. कापडाला मात्र श्रावणातले चार घटका ऊन मिळाले तरी सोन्याहून पिवळे. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र मध्ये कापड आहे म्हणून या मॅटवर विसंबू नये, असे माहितीपत्रकात ठळक छापायचे ठरले.

३० ऑगस्ट २०२४

थर सुटे केले आणि सरकण्याची तिसरी जागा जन्माला आली : कापड आणि रबर यांच्यामध्ये. चाचणीच्या उतरत्या फळीवर कापडाची वरची बाजू उंबरठा सहज ओलांडते, तळही ओलांडतो, पण दोन्ही एकत्र ठेवले की ओले कापड रबरावरून आधीच निघते आणि त्याच्या चुण्या पडतात. कोपऱ्यांना इलॅस्टिकच्या पट्ट्या लावल्याने कडा जागेवर राहिल्या, पण मधले कापड फुगायचे ते फुगलेच. कापडाच्या पाठीवर सिलिकॉनचे ठिपके छापण्याचा पर्याय चांगला होता, पण जिथे ठिपका तिथे कापड पाणी घेत नाही आणि रोजच्या धुण्यात ठिपके किती दिवस टिकतील याची खात्री कारखाना द्यायला तयार नाही.

उत्तर रबराच्या कारखान्यातल्या जुन्याच पद्धतीत मिळाले. रबराची शीट प्रेसमध्ये पक्की करताना तिच्यावर कापड दाबून ठेवतात आणि मग ते सोलून काढतात. बाजारात अनेक शीटवर कापडाचा जो ठसा दिसतो तो यामुळेच. मग आपलेच धारीचे कापड तिथे का दाबू नये? तसे करून पाहिले आणि रबरावर धारींचा उलटा साचा उमटला, ज्यात कापड दातात दात अडकावे तसे बसते.

अडचण आटण्याची. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत लांबीत आटते, धारी जवळ येतात आणि रबरातल्या खाचा आहेत तिथेच राहतात. तळहाताच्या दहा सेंटिमीटरमध्ये चाळीस धारी येतात. कापड पाच टक्के आटले तर तेवढ्या अंतरात दोन धारींचा फरक पडून पकड जाते. एक टक्का आटले तर फरक अर्ध्या धारीच्याही आत राहतो आणि भार पडला की कापड स्वतःला जुळवून घेते. म्हणून प्रेसमध्ये वापरायचे कापड आणि विक्रीचे कापड, दोन्ही आधी आटवून घेतलेले आणि एकाच खेपेतले असावे, अशी अट घातली. कापडाच्या कारखान्याला ही अट आवडलेली नाही.

२० सप्टेंबर २०२४

गणपती होऊन वर्ग पुन्हा भरला. पाऊस अजून आहे, ही सोय. आटवलेल्या कापडाचे आणि ठसा घेतलेल्या तळाचे मोजके संच दोन्ही तुकड्यांना वापरायला दिले.

हातांचे ठसे आता वेगळे दिसतात : कापडावर उशीची आणि बोटांची गडद खूण उमटते, पण तिच्यावर चमक नसते आणि ती लांबलेलीही नसते. ज्यांचे हात मुळातच कोरडे असतात त्यांना मात्र पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पकड कमी वाटली. त्यांनी हात किंचित ओले करून सुरुवात करावी, एवढाच इलाज आहे आणि तो पुरतो. वयस्कर मंडळींना धारी गुडघ्याला टोचतात, ही तक्रार रास्त वाटते. मार्जारासनात गुडघ्याखाली कापडाची घडी घ्यायला सांगितले आहे, धार कमी करणार नाही.

एका घरी कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरला गेला आणि ते कापड थेंब घेईनासे झाले. सॉफ्टनर तंतूंवर मेदाचा पातळ लेप बसवतो, म्हणजे आपण कॉस्टिकमध्ये उकळून जे काढले तेच तो वेगळ्या रूपात परत आणतो. गरम पाण्यात साध्या साबणाने दोनदा धुतल्यावर कापड बऱ्यापैकी पूर्ववत झाले. सूचनापत्रात हे पहिल्या ओळीत जाईल.

१८ ऑक्टोबर २०२४

पहिल्या खेपेची विनिर्देशपत्रिका आज पक्की केली. कापडावर जंतुनाशक लेप द्यावा, निदान चांदीचा उल्लेख लेबलवर असावा, असा विक्री पाहणाऱ्यांचा आग्रह होता. मी तो मान्य केला नाही. रोज धुऊन वाळणाऱ्या कापडाला त्याची गरज नाही, आणि लेप आहे म्हटल्यावर लोक धुणे टाळतील, मीठ साठेल आणि सगळा डोलारा तिथेच कोसळेल. ‘घामरोधक’ हा शब्दही लेबलवरून काढला. त्याऐवजी एवढेच छापले जाईल : कापड वापरानंतर साध्या पाण्यात खळबळून पिळावे, वाऱ्यावर वाळवावे, सॉफ्टनर वापरू नये, तळ ओल्या फडक्याने पुसून सावलीत उभा करावा.

किंमत पीव्हीसीच्या मॅटपेक्षा बरीच वर जाते. दुसरे कापड ऐच्छिक ठेवून ती खाली आणता येईल, असे हिशेबनीसांनी दाखवले. दोन तुकड्यांच्या वर्गासाठी ते ऐच्छिक नाही. घरी एकदाच वापरणाऱ्यासाठी एक कापड पुरेल, म्हणून दोन वेगळे संच करायचे ठरले.

सोलापूरला दिवाळीनंतर माग मोकळे होतील. आटवलेल्या कापडाच्या प्रत्येक ताग्यातून हातभर तुकडा कापून त्यातल्या धारी मोजायच्या, आणि दर दहा सेंटिमीटरला अर्ध्या धारीपेक्षा जास्त फरक आला तर तो तागा परत पाठवायचा, हे खरेदीपत्रात घातले आहे. ट्रस्टींनी दोन पंखे मंजूर केले आहेत.